हसू टिकवायचे की गाऱ्हाणे मांडायचे?

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून नागपुरात मानेवाड्याला राहते आणि सकाळच्या शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. आता त्या वॉकर धरून चालतात, पण रात्री दोन-तीनदा उठवून न्यावे लागते. हे इतवारीत एका दुकानाचे हिशेब पाहतात. घरी यायला नऊ वाजतात. धाकटे दीर बंगळुरूला असतात. घरच्या ग्रुपवर जाऊबाई रोज पहाटे सुविचार पाठवतात आणि कोणी काही सांगू लागले की ‘पॉझिटिव्ह राहा’ असे उत्तर येते. मीही प्रयत्न केला. आरशासमोर उभे राहून ‘मी आनंदी आहे’ असे रोज म्हणून पाहिले. गेल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता कूलरमध्ये पाणी ओतत असताना आईंनी हाक मारली, बादली हातून सुटली आणि मी त्या ओल्या फरशीवर बसून रडले. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला तेव्हा ‘तुम्हाला आईची काही पडलेलीच नाही’ असे बोलून गेले. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. हे म्हणतात, तू हल्ली फार कुरकुर करतेस. मी खरेच तशी झाले आहे का? चेहऱ्यावरचे हसू टिकवण्याचा काही उपाय सांगाल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि तुम्ही तक्रार नेमकी कुठे कुठे केली आहे, त्या ओळींखाली खुणा करू लागले. सहा महिन्यांच्या शुश्रूषेविषयी लिहिलेल्या या पत्रात खूण करण्यासारखे वाक्य एकच निघाले, ते भाऊजींना बोललेले, आणि त्याचीही टोचणी तुम्हाला लागून राहिली आहे. बाकीचे सगळे तुम्ही शेजारच्या घरची हकिकत सांगावी तशा सुरात लिहिले आहे. त्यामुळे तुम्ही कुरकुऱ्या झाला आहात, हे यजमानांचे मत मला मान्य नाही. माझ्या मते तुम्ही फार उशिरा, फार थोडे आणि भलत्या वेळी बोललात, एवढेच झाले आहे.

हसू टिकवण्याचा उपाय तुम्ही मागितला आहे. तो माझ्याकडे असता तरी मी दिला नसता, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १८० स्त्रियांना काही चित्रफिती दाखवल्या; त्यांतली एक दुःखद होती, एक गमतीची होती आणि एक साधी, भावनाशून्य होती. काही जणींना फक्त पाहायला सांगितले, तर काही जणींना मनातले काहीही चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, असे बजावले. ज्यांनी चेहरा सांभाळला त्यांचे दुःख त्यामुळे कमी झाले नाही, आणि हृदय व रक्ताभिसरणावरचा ताण मात्र वाढलेला आढळला. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की त्यांना गमतीची चित्रफीतही इतरांइतकी गमतीची वाटली नाही. म्हणजे दुःखावर झाकण ठेवायला जावे तर दुःख आत तसेच राहते आणि झाकणाखाली सापडते ते हसू. प्रयोगशाळेत हे काही मिनिटांत दिसले. तुम्ही सहा महिने झाकण धरून बसला आहात. आरशासमोर म्हटलेले वाक्य तुम्हाला का लागू पडले नाही, याचे निराळे कारण शोधण्याची गरज नाही. ज्या मनाला ते वाक्य खोटे आहे हे ठाऊक आहे, त्याच मनाला ते ऐकवले जात होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सकाळी बागेत हात वर करून मोठ्याने हसणाऱ्या मंडळींवर माझा राग नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत चार-पाच जणांना घेऊन सुरू केलेला तो हास्ययोग आता आपल्याकडेही रुळला आहे, आणि तिथे जाणाऱ्यांना आपण व्यायाम म्हणून हसतो आहोत हे पक्के माहीत असते. अर्ध्या तासाने ते घरी जातात आणि गॅस सिलिंडर वेळेवर आला नाही म्हणून मनसोक्त चिडतात. तुमच्या घरात मात्र तो व्यायाम चोवीस तासांचा झाला आहे, आणि तो तुम्ही एकट्याच करता आहात.

आता तक्रारीविषयी. आपल्या भाषेने या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त विचार केलेला दिसतो. कुरकुर, कटकट, रडगाणे, तक्रार, गाऱ्हाणे हे सगळे शब्द आपण एकाच पोत्यात भरतो, पण ते एक नव्हेत. कुरकुर तोंडातल्या तोंडात होते आणि ती कोणी ऐकावी अशी कुरकुरणाऱ्याचीही अपेक्षा नसते. रडगाणे गाण्याला श्रोता कोणीही चालतो आणि शेवटही लागत नाही. गाऱ्हाणे मात्र ‘घालायचे’ असते, ‘मांडायचे’ असते, आणि ते ज्याच्या हातात काही करण्याजोगे आहे त्याच्याकडेच न्यायचे असते. गवळणीतल्या गोपी कृष्णाच्या खोड्यांचे गाऱ्हाणे घेऊन यशोदेकडेच जातात, पाणवठ्यावर नाही. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हाही देवाला नावाने हाक मारून, काय बिघडले आहे आणि काय करून हवे आहे, हे दोन्ही सांगतात. आमचे संत तर विठ्ठलाशी उघड भांडले आणि तरीही भक्तच राहिले. गाऱ्हाणे मांडणारा माणूस नाते तोडायला निघालेला नसतो. समोरचा ऐकेल आणि काही करेल, एवढा विश्वास त्याला अजून वाटत असतो. ज्याच्याकडून आपल्याला काहीच नको असते, त्याच्याकडे आपण तक्रारही करत नाही.

शिवाय तुम्ही नागपूरच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पीडा घेऊन जाणारी म्हणून मिरवायचा मोठा पुतळा म्हणजे मारबत; काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे हे शहर दरवर्षी एक दिवस ठरवून, ढोलताशे लावून तक्रार करत आले आहे. ‘इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असे सगळ्यांनी मिळून ओरडायचे, आणि बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांच्या, गळ्यात त्या त्या वर्षीच्या दुखण्याची पाटी अडकवायची. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या पाट्या वाचत असे, आणि मला आठवते त्याप्रमाणे एकाही पाटीवर ‘सगळे वाईट चालले आहे’ असे लिहिलेले नसायचे. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे असा एकेका बडग्याचा एकेक विषय ठरलेला असे. मिरवणूक संपली की पुतळे जाळायचे आणि घरी जेवायला जायचे. पीडेचे नाव घ्यायचे, ते चारचौघांत घ्यायचे, आणि त्याला एक शेवट द्यायचा, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. तुमच्या बादलीच्या रात्रीत यातली एकही नव्हती.

हे वाचून कोणी असे समजू नये की तोंडाला येईल ते बोलून टाकले की मन हलके होते. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली एका प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत ठोसे मारायला पिशवी दिली. काहींना नुसते स्वस्थ बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. भाऊजींवर तुम्ही जे वाक्य फेकले ते याच जातीचे होते. त्यातून तुम्हाला हलके वाटले नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळते. त्याच वर्षी अमांडा रोज या संशोधिकेने शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच अडचणीचे दळण दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा दळत बसण्याने मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते, असे त्यात आढळले. तो अभ्यास मुलांचा असला तरी आपल्या भिशीच्या दुपारी आठवून पाहा. सासू, जाऊ, कामवाली यांच्यावर तीन तास बोलून निघताना आपण एकमेकींच्या अधिक जवळ आलेल्या असतो आणि घरी पोहोचेपर्यंत डोके चढलेले असते.

तेव्हा बोलावे की गप्प बसावे, हा तुमच्यापुढचा प्रश्न नव्हे. कोणाशी, नेमके काय आणि काय हवे म्हणून बोलावे, हे ठरवायचे आहे, आणि ते ठरवायला आधी स्वतःला नीट कळले पाहिजे.

त्यासाठी एक जुनी, साधी आणि फुकट युक्ती आहे. मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या अतिशय क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला लावले. ज्यांनी काय घडले आणि त्याने काय वाटले, हे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट अधिक वाईट वाटले. परंतु पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून तुम्ही लिहायला बसाल तेव्हा पहिल्या दिवशी रडू आले तर वही मिटू नका. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात मी शाळेच्या जुन्या चौरेघी वहीत असेच लिहीत असे. पहिल्या रात्री दोन पाने नुसता संताप होता, सगळ्या जगावर. तिसऱ्या रात्री लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की माझा राग वडिलांच्या आजारावर नाही, भावावरही नाही; रुग्णालयात रोज संध्याकाळी डबा घेऊन मीच जायचे, हे कोणीही मला न विचारता ठरून गेले होते, त्यावर आहे. चौथ्या दिवशी मी तेवढेच वहिनीला सांगितले. ती म्हणाली, ‘मला वाटायचं तुम्हाला जायला आवडतं.’ मंगळवार, गुरुवार आणि शनिवार तिने घेतले. मी इतके दिवस हसतमुखाने डबा उचलत होते, मग तिला दुसरे काय वाटणार?

तुमच्या घरीही असेच झालेले असणे अगदी शक्य आहे. शेजारीण जिन्यात भेटून ‘काहून व, चेहरा उतरला तुझा?’ असे विचारते तेव्हा तुम्ही ‘काही नाही, मजेत’ म्हणत असाल. भाऊजी फोनवर ‘आई कशी आहे?’ विचारतात तेव्हा ‘छान चाललंय’ म्हणत असाल. तिकडे बंगळुरूत त्या माणसाच्या दृष्टीने सगळे खरेच छान चाललेले असते. आणि मग एके दिवशी, त्यांना काही पडलेलेच नाही, हे वाक्य अचानक कानावर आदळते. त्या वाक्यात त्यांच्या स्वभावावर ठपका आहे, पण त्यांनी करावे असे काहीच नाही. माणूस स्वभावावरच्या ठपक्याला उत्तर देऊ शकत नाही. तो रागावतो किंवा गप्प बसतो. ते गप्प बसले आहेत.

त्यांना फोन करण्याआधी लिहून पाठवा, म्हणजे गळा दाटून येण्याची भीती राहणार नाही. ग्रुपवर मुळीच नाही, त्यांना एकट्यांना. मजकूर तुमचा तुम्ही ठरवालच, परंतु साधारण असा असावा : ‘भाऊजी, त्या दिवशी मी तुम्हाला आईंची काही पडलेली नाही असे म्हणाले, ते बोलायला नको होते. पण दिवाळीपासून रात्री सलग चार तास झोप मला मिळालेली नाही आणि पहाटे उठून शाळेत जावे लागते. रात्रीसाठी एक बाई ठेवायची आहे. तिच्या पगारातला निम्मा वाटा तुम्ही उचलावा आणि मे महिन्यात आठ दिवस इथे येऊन आईंजवळ राहावे, म्हणजे मला माहेरी जाऊन येता येईल. यातले काय जमेल ते रविवारपर्यंत कळवा.’ बघा, यात जे घडते आहे ते आहे, तुम्हाला काय होते आहे ते आहे, काय हवे ते आहे आणि दिवसही ठरलेला आहे. ‘तुम्ही कधीच’ आणि ‘तुम्ही नेहमीच’ हे दोन शब्दप्रयोग मात्र नाहीत. ते आले की मूळ गाऱ्हाणे बाजूला राहते आणि गेल्या वीस वर्षांचा हिशेब निघतो.

‘मे महिन्यात तर वहिनींना शाळेची सुट्टीच असते’ असे उत्तर जाऊबाईंकडून येण्याची शक्यता मी धरून चालले आहे. त्यावर चिडू नका. सुट्टी आहे म्हणूनच आठ दिवस मागते आहे, एवढेच म्हणा आणि मागणी तिथेच ठेवा. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा २००७ सालचा कायदा आई-वडिलांची जबाबदारी मुलामुलींवर टाकतो. त्यातल्या ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सुनेचा उल्लेख नाही. हे तुम्हाला माहीत असावे म्हणून सांगितले, दिरांना ऐकवण्यासाठी नव्हे. कायदा घरात काढला की घराचे न्यायालय होते. परंतु हे काम मुळात तुमच्या एकटीचे आहे, ही जी समजूत तुमच्या मनात खोल बसली आहे, ती ढिली व्हायला याची मदत व्हावी.

यजमानांशी बोलणे याहून अवघड आहे, कारण ते रोज समोर असतात. रात्री नऊला दमून आलेल्या माणसापुढे पान वाढता वाढता विषय काढू नका. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला दोघेच बाहेर पडा आणि तिथे सांगा. आणि एक गोष्ट त्यांच्याकडून मागून घ्या : मी काही सांगू लागले की दहा मिनिटे उपाय सुचवायचा नाही आणि ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द काढायचा नाही. पुष्कळ पुरुष बायकोचे दुःख ऐकले की घाबरतात, आणि घाबरले की उपदेश करतात. त्यात दुष्टावा नसतो. त्यांच्या आईची ही अवस्था त्यांनाही बघवत नसेल आणि तेही दुकानात ‘मजेत’ म्हणत असतील. दहा मिनिटे त्यांनाही द्या.

सासूबाईंना या सगळ्यातून वगळू नका. सुनेला रात्री तीनदा उठवावे लागते याची त्यांना लाज वाटत असणार, आणि तुमचे ओढूनताणून आणलेले हसू त्यांना तुमच्याआधी कळले असणार. ‘आई, आज मी फार दमले आहे’ हे वाक्य त्यांना ऐकवण्यात काही पाप नाही. त्यांचेही गाऱ्हाणे असेल, तेही ऐका. पलंगाशेजारी ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. ती ठेवायला त्या कदाचित तयार नसतील, कारण त्यात त्यांना कमीपणा वाटेल. पण एकदा विचारून तर पाहा. रात्रीच्या फेऱ्या त्याने निम्म्याने सोप्या होतात.

जाऊबाईंच्या सुविचारांचे काय करावे? काहीच करू नका. त्या बहुधा प्रेमाने पाठवतात आणि स्वतःही ते वाचत नसाव्यात. ग्रुप म्यूट करून ठेवा.

एका बाबतीत मात्र मी आग्रह धरीन. रडू येणे ही एक गोष्ट झाली. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ संधी मिळूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा आपण नसलेले बरे असा विचार डोकावत असेल, तर ती तक्रार घरच्यांकडे न्यायची नसून डॉक्टरांकडे न्यायची आहे. मेडिकलच्या, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात दाखवता येईल, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येईल. तिथे गेल्याने कोणी वेडे ठरत नाही, हे शाळेत तुम्ही मुलांना सांगतच असाल.

आता पहिल्या गाऱ्हाण्याची निवड. भाऊजींचे उत्तर यायला वेळ लागेल, रात्रीची बाई मिळायलाही लागेल. तुमच्या पत्रातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर सुटणारी अडचण कूलरची आहे. नळापासून एक नळी ओढून कूलरच्या टाकीत फ्लोट बसवला की पाणी आपोआप भरते आणि बादली लागत नाही. प्लंबरचे तासाभराचे काम आहे. ते यजमानांना सांगा, या रविवारी, पोह्यांवरून परत येताना. एप्रिल अजून अर्धा बाकी आहे आणि पुढे नागपूरचा मे महिना आहे.